त्रिपुट आणि तवस्य: वास्कोच्या यार्डातल्या दोन स्टेल्थ फ्रिगेटचं प्रकरण

१५ ऑक्टोबर २०१६. त्या दिवशी अमेरिकेत बाल्टिमोरला झुमवॉल्ट नावाची डिस्ट्रॉयर (मोठी युद्धनौका) नौदलात दाखल झाली, आतापर्यंतच्या सगळ्यात महागड्या डिस्ट्रॉयरपैकी एक आणि दिसायला तर एकदमच विचित्र, उलट्या होडीवर पिरॅमिड ठेवल्यासारखी. आणि नेमकं त्याच दिवशी इथे गोव्यात आपल्या बाणावलीला, ब्रिक्स परिषदेच्या गडबडीत, मोदी-पुतिन भेटीत चार स्टेल्थ फ्रिगेटच्या (फ्रिगेट म्हणजे डिस्ट्रॉयरपेक्षा लहान युद्धनौका) सरकारी करारावर सह्या झाल्या. संरक्षणमंत्री तेव्हा पर्रीकर. चर्चा सगळी एस-४०० मिसाइलची झाली, फ्रिगेटकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. चारपैकी दोन जहाजं रशियात कॅलिनिनग्राडच्या यांतर यार्डातून यायची होती आणि दोन भारतात बांधायची होती. कुठल्या यार्डात ते तेव्हा पक्कं नव्हतं. ती दोन शेवटी आली वास्कोला, गोवा शिपयार्डात. पहिलं त्रिपुट, २३ जुलै २०२४ ला पाण्यात उतरलं, दुसरं तवस्य, २२ मार्च २०२५ ला.

हे प्रकरण मी लिहायला घेतलं कारण या दोन जहाजांबद्दल इथे जे बोललं जातं ते एक तर छाती फुगवून बोललं जातं, की बघा गोव्यात स्टेल्थ युद्धनौका, नाहीतर नाक मुरडून, की डिझाइन रशियाचं, इंजिन युक्रेनचं, आपलं काय त्यात. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं खरं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना गोंधळ नको. हे प्रकरण स्टेल्थचं कमी आणि टर्बाइनचं, ऑर्डर-बुकचं जास्त आहे. जहाजाच्या भिंती तिरक्या करणं हा या सगळ्यातला सोपा भाग होता. (सोपा म्हणजे तुलनेने, खाली सांगतो.)

स्टेल्थ म्हणजे नक्की काय मिळतं

बऱ्याच लोकांच्या डोक्यात असं असतं की स्टेल्थ जहाज रडारवर दिसतच नाही. असं काही नसतं हो. १२५ मीटरचं लोखंड समुद्रात उभं आहे, ते दिसणारच, प्रश्न एवढाच की किती लांबून दिसतं आणि केवढं दिसतं.

हे समजायला उलटं उदाहरण सोपं पडतं. फायबरच्या छोट्या बोटी, यॉट वगैरे रडारवर नीट दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या डोलकाठीवर पत्र्याचा एक कोनाकोनांचा रिफ्लेक्टर टांगतात, जेणेकरून रात्री एखाद्या मोठ्या मालवाहू जहाजाने वर चढू नये. त्यात युक्ती काही नाही, तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले असतात, आणि काटकोनात जाऊन आपटलेली रडारची लाट फिरून फिरून जिथून आली तिथेच परत जाते. आता हाच काटकोन जुन्या युद्धनौकेवर शोधायला गेलात तर हजार ठिकाणी सापडतो. डेक आणि भिंत, भिंत आणि शिडी, बोट उचलायचे डेव्हिट, तोफेचा चबुतरा, रेलिंग, सगळीकडे. म्हणजे होडीवाला पैसे देऊन जे विकत घेतो तेच युद्धनौकेवर फुकटात, नको असताना, पसरलेलं असतं. स्टेल्थ डिझाइन म्हणजे मुख्यतः ते काटकोन हुडकून काढून मोडणं. भिंती थोड्या आत किंवा बाहेर झुकवायच्या म्हणजे लाट आकाशात नाहीतर पाण्याकडे निघून जाते, बोटी दाराआड ठेवायच्या, मिसाइल डेकखाली उभ्या नळ्यांत ठेवायची, वरचं सामान कमी करायचं. फ्रान्सची ला फायेत ही १९९६ ची फ्रिगेट या बाबतीत सगळ्यांची थोरली म्हणायला हरकत नाही, तिच्यानंतर जो तो तिरक्या भिंती करायला लागला.

आता हिशोब बघा, कारण इथे मजा आहे. रडार किती अंतरावरून पकडतं ते जहाजाच्या रडार-आकाराच्या (म्हणजे रडारला ते केवढं दिसतं त्याच्या) चौथ्या मुळाच्या प्रमाणात असतं. म्हणजे तुम्ही जीव तोडून रडार-आकार दहापट कमी केला तरी पकडलं जायचं अंतर फक्त ५६ टक्क्यांवर येतं, आणि अंतर निम्मं करायचं असेल तर आकार सोळापट कमी करावा लागतो. एवढी मेहनत आणि फळ हे एवढंच. मग करायचं कशाला?

दोन कारणं. एक म्हणजे वेळ. पाण्यापासून पाचेक मीटर उंचीवरून येणारं जहाजविरोधी मिसाइल आणि पंचवीसेक मीटर उंच मास्टवरचं रडार, पृथ्वीच्या गोलाईमुळे दोघं एकमेकांना दिसतात साधारण ३० किलोमीटरवर. ब्रह्मोसच्या वेगाचं मिसाइल ते अंतर अर्ध्या मिनिटात कापतं. त्या अर्ध्या मिनिटात मिसाइलच्या नाकातल्या छोट्या रडारने तुम्हाला पाच-दहा सेकंद उशिरा पकडलं तर तो फरक जीवनमरणाचा. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही, ते म्हणजे चाफ. जहाज संकटात आलं की हवेत बारीक चमकीचा ढग उडवतं, मिसाइलला वाटावं हेच जहाज. पण जहाज स्वतः ढगापेक्षा मोठं दिसत असेल तर मिसाइल ढगाकडे कशाला जाईल? जहाज छोटं दिसलं तरच ढग खपतो. म्हणजे स्टेल्थचा अर्धा फायदा लपण्यात नाही, फसवण्यात आहे.

बाकी उष्णता, आवाज आणि चुंबकत्व हेही आहेच. धुराड्यातला गरम धूर थंड हवेत मिसळून सोडायचा, यंत्रं रबरी माउंटवर बसवायची म्हणजे आवाज हलमधून (जहाजाच्या मुख्य सांगाड्यातून) पाण्यात जात नाही, आणि हलभोवती केबलचं वेटोळं घालून चुंबकत्व मारायचं. आणि हे सगळं करून जर जहाजाने स्वतःचं मोठं रडार चालू ठेवलं तर काय उपयोग, शत्रूला ते तुमच्या आधी ऐकू येतं, पण तो शिस्तीचा विषय आहे, बांधणीचा नाही.

तिरकी भिंत आणि वेल्डर

वर म्हटलं तिरकी भिंत तुलनेने सोपी, पण सोपी म्हणजे कागदावर. मी स्वतः वेर्ण्याला फॅब्रिकेशनच्या कामात आहे, युद्धनौका नाही, टाक्या, प्लॅटफॉर्म, शेडचं स्ट्रक्चर वगैरे, पण पातळ प्लेट काय त्रास देते हे रोज बघतो. जहाजाच्या वरच्या भागाची प्लेट पातळ असते, कारण वर वजन वाढलं की जहाज डोलतं. त्या पातळ प्लेटला मागून आडवे-उभे स्टिफनर, म्हणजे मजबुतीच्या पट्ट्या, वेल्ड करायचे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि प्लेट ओढतो, मग दोन स्टिफनरच्या मध्ये प्लेट पोट काढते नाहीतर आत बसते. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात कुठलंही जहाज बाजूने बघा, भिंतीवर बरगड्यांसारख्या सावल्या दिसतात, उपाशी बैलाच्या बरगड्या जशा. साध्या बार्जला (माल वाहणाऱ्या सपाट बोटीला) त्याने काही फरक पडत नाही, आणि गोव्यातल्या छोट्या यार्डांनी आयुष्यभर बार्जच बांधल्या. पण स्टेल्थ भिंतीचा सगळा खेळच असा की ती सपाट आहे आणि ठरलेल्या दिशेला लाट फेकते. भिंतीला पोट आलं की लाट थोडी थोडी सगळीकडे उडते, म्हणजे ड्रॉइंगमध्ये जेवढं छोटं दिसायचं ठरलेलं तेवढं प्रत्यक्षात राहत नाही.

त्यावर उपाय म्हणजे वेल्डचा क्रम. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ मारत जायचं नाही, मध्ये मध्ये टप्पे सोडून, उलट्या दिशेने, दोघांनी दोन बाजूंनी एकदम. तरी पोट आलंच तर टॉर्चने ठरावीक ठिपके लाल करायचे आणि पाणी मारायचं, प्लेट तिथे आकसते आणि सरळ होते. हे काम ज्याला येतं त्याला येतं, पुस्तकातून शिकता येत नाही. जास्त तापवलं तर स्टीलचा दर्जा जातो, कमी तापवलं तर काही होत नाही. असा माणूस तयार व्हायला वर्षं जातात आणि यार्डाकडे सलग काम नसेल तर तो गल्फला जातो. गोव्यात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

यार्डाची पार्श्वभूमी

गोवा शिपयार्ड सुरू झालं १९५७ ला, पोर्तुगीज असताना, नाव एस्तालेरुश नावाइश द गोवा, काम मुख्यतः खाणीच्या बार्जचं. मुक्तीनंतर ते मुंबईच्या माझगाव डॉककडे गेलं. पुढे गस्ती जहाजं ही त्यांची ओळख झाली, तटरक्षक दलाची समर्थ वर्गाची, नौदलाची सरयू वर्गाची १०५ मीटरची, श्रीलंकेसाठीही दोन. आयएनएस तरंगिणी आणि सुदर्शिनी ही शिडाची जहाजंही इथलीच. २०११ नंतर शिपलिफ्ट आली, म्हणजे जहाज प्लॅटफॉर्मवर ठेवून विंचांनी हळूहळू पाण्यात सोडायची सोय, यार्डाचा आवाका वाढला.

हा आवाका वाढवण्यामागे एक मोठं स्वप्न होतं, सुरुंग शोधणारी १२ जहाजं. २०१५ ला ते काम गोवा शिपयार्डाला द्यायचं ठरलं, कोरियाच्या कंगनाम कंपनीबरोबर, आकडा साधारण ३२ हजार कोटींचा. एवढा आकडा इथल्या यार्डाने कधी बघितलाच नव्हता. आणि २०१८ च्या सुरुवातीला ते सगळं प्रकरण रद्द झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, जुवारी नदीत बार्ज नांगरून पडल्या, छोट्या यार्डांचं दुरुस्तीचं काम गेलं. मुरगाव तालुक्यात लोखंडाचं काम करणाऱ्या माणसासाठी २०१८ सारखं वाईट वर्ष शोधून सापडणार नाही.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी फ्रिगेट आल्या. नोव्हेंबर २०१८ ला रशियाच्या रोसोबोरोनएक्सपोर्ट या सरकारी शस्त्रनिर्यात कंपनीबरोबर ड्रॉइंग, सामान आणि तांत्रिक मदतीसाठी साधारण ५० कोटी डॉलरचा करार, आणि २५ जानेवारी २०१९ ला संरक्षण मंत्रालयाचा गोवा शिपयार्डबरोबर जहाजांचा करार. एक काम गेलं म्हणून दुसरं दिलं असं कुठे लिहिलेलं नाही आणि मीही तसं म्हणत नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या तर यार्डाला त्या ऑर्डरची किती गरज होती ते कळतं. नौदलालाही गरज होती, जुन्या गोदावरी वर्गाच्या फ्रिगेट निवृत्त होत होत्या, गंगा मार्च २०१८ ला गेली, आणि मुंबई-कोलकात्याला बांधल्या जाणाऱ्या नव्या निलगिरी वर्गाला अजून बराच वेळ होता.

आता हेच डिझाइन का, तर ते नौदलाच्या हातात बसलेलं होतं. १९९७ च्या करारातून आलेली तलवार २००३ ला दाखल झाली, ती भारताची पहिली स्टेल्थ फ्रिगेट म्हणून ओळखली जाते. (तीही उशिरा आली, विमानं पाडायच्या श्तिल मिसाइलच्या चाचण्या जमेनात म्हणून.) मग त्रिशूल, तबर, मग तेग, तरकश, त्रिकंड, अशी सहा झाली. खलाशी तयार, सुटे भाग माहीत, ब्रह्मोस बसवून चालवून झालेलं. नवीन वर्गात उडी मारण्यापेक्षा ओळखीच्या वाटेने जाणं नौदलाला बरं वाटलं असेल तर त्यात चूक काय.

टर्बाइनची भानगड

इथे प्रकरण खरं रंगतं. ही फ्रिगेट चार गॅस टर्बाइनवर चालते, दोन नेहमीच्या चालीसाठी आणि दोन जोर लावायला, २८ नॉट म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या वर. ही टर्बाइनं बनतात युक्रेनमध्ये मिकोलाइव्ह शहरात, झोर्या-माशप्रोएक्त कारखान्यात. सोव्हिएत काळात सगळं एकाच देशात होतं, लेनिनग्राडला डिझाइन, मिकोलाइव्हला इंजिन, कोणाला काही वाटायचं नाही. देश फुटला तरी धंदा चालू राहिला.

२०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने रशियाच्या युद्धनौकांना टर्बाइन देणं बंद केलं. रशिया तेव्हा हाच वर्ग स्वतःच्या काळ्या समुद्राच्या ताफ्यासाठी बांधत होता, अॅडमिरल ग्रिगोरोविच वर्ग, सहा ठरलेल्या. तिघींची टर्बाइनं आधीच पोचली होती, त्या पूर्ण झाल्या. उरलेल्या तिघींचे सांगाडे यांतर यार्डात इंजिनाविना पडून राहिले. २०१३ ला कील, म्हणजे तळाचा कणा, घातलेलं जहाज, लोखंड वर आलेलं, आणि आत इंजिनाच्या जागी रिकामी खोली.

बाणावलीत सह्या झाल्या त्या याच सांगाड्यांच्या पार्श्वभूमीवर. भारताने काय केलं तर युक्रेनकडून टर्बाइन स्वतः विकत घेतली आणि रशियाला नेऊन दिली. युक्रेन रशियाला देणार नाही, पण भारताच्या जहाजासाठी भारताला देईल. दोन भांडलेल्या भावांच्या घरांमध्ये ताट नेणारा शेजारी असतो ना, तशातली गत. रशियातल्या दोघींची किंमत साधारण ९५ कोटी डॉलर ठरली. ९ डिसेंबर २०२४ ला कॅलिनिनग्राडला आयएनएस तुशील दाखल झाली, १ जुलै २०२५ ला आयएनएस तमाल. म्हणजे कीलपासून अकरा-बारा वर्षांनी. आणि तोपर्यंत त्या दोन देशांत पूर्ण युद्ध पेटलेलं, मिकोलाइव्ह २०२२ ला थेट आघाडीवर आलेलं. रशियात बांधलेल्या जहाजावर युक्रेनची टर्बाइनं आणि वर तिरंगा. असं जहाज जगात दुसरं कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

वास्कोच्या दोघींसाठी याचा अर्थ असा की ड्रॉइंग सेंट पीटर्सबर्गच्या सेवेरनोये डिझाइन ब्युरोची, इंजिन युक्रेनचं, आणि २०२२ नंतर रशियन बँकांवर निर्बंध, पैसे पाठवायचेच वांधे. अशा परिस्थितीत २९ जानेवारी २०२१ ला पहिलीची कील, १८ जून २०२१ ला दुसरीची, मध्ये कोविड, आणि तरी तीन-साडेतीन वर्षांत पहिली पाण्यात. यार्डाबद्दल मला काही प्रेमाचे उमाळे येत नाहीत, सरकारी यार्ड कशी चालतात ते ठेकेदारांना विचारा, पण हे काम त्यांनी करून दाखवलंय हे मान्य करायला पाहिजे.

ज्यांना वाटतं की टर्बाइन देशात बनवली असती तर प्रश्नच नव्हता, त्यांच्यासाठी सांगतो, प्रयत्न झालेत. विमानाच्या कावेरी इंजिनावरून जहाजाचं टर्बाइन काढून विशाखापट्टणमला चाचण्या झाल्या, साधारण १२ मेगावॉटचं होतं ते, फ्रिगेटच्या जोर लावणाऱ्या टर्बाइनला ते कमी पडतं. शिवालिक आणि निलगिरी वर्गावर अमेरिकेचं एलएम-२५०० टर्बाइन आहे, जुळणी बंगळुरूला एचएएलमध्ये होते. म्हणजे तिकडेही इंजिन परक्याचंच.

लाँचच्या दिवशी काय उतरलं

त्रिपुट १२४.८ मीटर लांब, १५.२ मीटर रुंद, पाण्यात साडेचार मीटर, वजन साधारण ३६०० टन. गोव्याच्या तेव्हाच्या राज्यपालांच्या पत्नी रीता श्रीधरन यांच्या हस्ते, अथर्ववेदाचे मंत्र म्हणून. नाव एका बाणावरून. दुसरीचं नाव तवस्य, भीमाच्या गदेवरून, तिच्या वेळी संरक्षण राज्यमंत्री संजय सेठ हजर होते. गंमत बघा, गोव्याचं नाव असलेली डिस्ट्रॉयर, आयएनएस मोरमुगाव, १६३ मीटरची, ७४०० टनांची, ती बांधली मुंबईला, १८ डिसेंबर २०२२ ला दाखल झाली, तिने पहिल्यांदा समुद्र बघितला तो १९ डिसेंबर २०२१ ला, मुक्तिदिनाच्या साठीला मुद्दाम. आणि खरोखरच्या मुरगावात, म्हणजे वास्कोला, बांधलेल्या दोघींची नावं बाण आणि गदा.

लाँच झालं म्हणजे जहाज तयार झालं असं लोकांना वाटतं, फोटो येतात, फुलांच्या माळा असतात. प्रत्यक्षात लाँचला हल आणि वरचं स्ट्रक्चर उभं असतं, पुढे धक्क्याला बांधून केबल, पाइप, रडार, शस्त्रं, एसी, मग हार्बर ट्रायल, मग समुद्रातल्या ट्रायल, यात दोन वर्षं सहज जातात आणि उशीर झाला तर बहुतेक वेळा इथेच होतो. केबलचं काम बघितलंय कोणी? शेकडो किलोमीटर केबल एका जहाजात, एकेक वायर दोन्ही टोकांना तपासायची. त्यापुढे भिंती वेल्ड करणं परवडलं.

मग हे स्टेल्थ किती

खरं सांगायचं तर मध्यम. हल आणि भिंती तिरक्या आहेत, आणि तलवारवर पुढच्या डेकवर श्तिल मिसाइलचा जो हातासारखा उघडा लाँचर होता तो तुशीलपासून गेला, आता २४ मिसाइल डेकखाली उभ्या नळ्यांत आहेत, ब्रह्मोस आठ, तीही उभ्या नळ्यांत. पण पाणबुडीविरोधी रॉकेटचा तो बारा नळ्यांचा गोल लाँचर उघड्यावरच आहे, मास्टवर सामानाची गर्दी आहे. निलगिरीच्या शेजारी ही उभी केली तर कोण जुनं, कोण नवं ते लगेच कळतं, निलगिरी बोटीही दाराआड ठेवते. मूळ डिझाइन नव्वदच्या दशकातलं, वय दिसणारच.

पण मग झुमवॉल्टकडे बघा. ती खरी स्टेल्थ, १८०-१९० मीटरचं जहाज आणि रडारवर मासेमारीच्या बोटीएवढं, इतकं की ट्रायलच्या वेळी इतर जहाजांना दिसावं म्हणून तिच्यावर रिफ्लेक्टर लावायची वेळ आली, तेच आपल्या होडीवाल्यांचं. ३२ बांधायच्या होत्या, बांधल्या तीन. संख्या कमी झाली म्हणून तिच्या तोफेच्या खास गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली आणि दाखल झाल्यावर महिन्याभरातच गोळे घ्यायचंच रद्द, तोफा आहेत आणि गोळे नाहीत. आता त्या तोफा काढून हायपरसॉनिक मिसाइल बसवताहेत. एवढा पैसा अमेरिकेला परवडतो, आपल्याला नाही. त्याच दिवशी बाणावलीत जे ठरलं ते दिसायला जुनाट, पण त्यातून चार जहाजं नौदलाला मिळतात, आणि समुद्रात संख्येलाही किंमत असते. हा सौदा मला वाईट वाटत नाही.

माझी शंका वेगळीच आहे. याच वर्गाच्या रशियन बहिणी काळ्या समुद्रात होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सेवास्तोपोलला स्फोटकं भरलेल्या बिनमाणसाच्या बोटी त्यांच्यावर धावून आल्या, आणि पुढे ताफ्याचा मोठा भाग नोव्होरोसिस्कला हलवावा लागला. बंदरात बांधलेल्या जहाजाला तिरक्या भिंतींचा काय उपयोग? बोटीवर कॅमेरा आहे, तिला सरळ दिसतंय. तिथे जवळच्या तोफा, पहारा आणि बंदराच्या तोंडाशी जाळी लागते. करार झाला २०१६ ला, तेव्हा हे कोणाच्या डोक्यातही नसणार, पण ही जहाजं चालणार २०५५ पर्यंत तरी.

पुढे यार्डाकडे काय आहे तर नव्या पिढीची ११ गस्ती जहाजं, मार्च २०२३ चा करार, एकूण ९७८१ कोटी, त्यातली सात वास्कोला आणि चार कोलकात्याला. म्हणजे हात रिकामे नाहीत, पण फ्रिगेटनंतर परत गस्ती जहाज. आणि ते सुरुंगवालं जुनं काम पुन्हा वर आलंय, जुलै २०२५ ला त्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली. मधल्या काळात नौदलाचं शेवटचं सुरुंगशोधक जहाज, कोळिकोड, एप्रिल २०१९ ला निवृत्त झालं, त्यानंतर आपल्याकडे एकही नाही, एवढा मोठा किनारा आणि एकही नाही. आता ते काम वास्कोलाच येईल असं बरेच जण गृहीत धरून चाललेत, पण यावेळी दुसरी यार्डंही रांगेत असणार. आणि आलं तरी सुरुंगशोधकाचं हल लोखंडाचं चालत नाही, चुंबकाने फुटणाऱ्या सुरुंगावर लोखंड घेऊन कोण जाणार, ते बहुतेक वेळा असतं काचतंतूच्या फायबरचं. म्हणजे त्रिपुटवर हात बसलेल्या वेल्डरांना त्या जहाजाच्या हलवर काही कामच नाही, त्यांच्यासाठी तिसरी फ्रिगेट किंवा कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौका) लागेल.